पेलेट निवड: वजनकाटा कपाटात, आता लॉट टेस्टिंग

अमेरिकेतले हौशी नेमबाज घरी बसून काडतुसं भरतात. आपल्या १० मीटर एअर रायफलला ना दारू ना प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), त्यामुळे आपली खाज पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, निवडण्यावरच भागवायची. सध्या तीच खटपट चालू आहे.

आधी वजन. मिलिग्रॅम काट्यावर ०.५३ ग्रॅमवाला अख्खा डबा मोजला. बहुतेक पेलेट्स ०.५२८ ते ०.५३३च्या आत निघाली. जड आणि हलकी मुद्दाम वेगवेगळी मारून पाहिली, ग्रुपमध्ये, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांच्या पुंजक्यात, म्हणावा असा फरक नाही. हिशेबही तेच सांगतो. वेग सेकंदाला १७० मीटर धरला तर टार्गेटपर्यंत पेलेट साधारण १७ मिमी खाली येतं. वजनात एक टक्क्याचा फरक म्हणजे त्या १७ मिमीत सुमारे ०.१७ मिमी इकडेतिकडे. डेसिमल स्कोअरिंगमध्ये (गुण दशांशात मोजतात तिथं) ०.१ गुणाला ०.२५ मिमी लागतात! एवढ्यासाठी रात्र-रात्र डोळे फोडायचे? ज्यांचं मन त्यानं शांत होतं त्यांनी खुशाल करावं.

स्कर्टचं, म्हणजे पेलेटच्या मागच्या पोकळ घेराचं, मात्र तसं नाही. पेलेट काचेवर आडवं घरंगळवलं की गोल वळसा घेत जातं. स्कर्ट चेपलेला असेल तर मध्येच अडखळतं, लंगडल्यासारखं. अशी सरळ सरावाला टाकतो.

खरा फरक दिसला तो लॉटमध्ये, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या पेलेट्समध्ये. रायफल क्लॅम्पमध्ये कसली, हवेचा सिलिंडर भरलेला ठेवला आणि दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप काढले. ४.५० मिमी हेडचा (पेलेटच्या पुढच्या टोकाचा व्यास) एक लॉट बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ५.८ मिमी. त्याच कंपनीचं ४.४९ त्याच बॅरलमधून ७.४. आणि गंमत म्हणजे ४.५०चाच दुसरा लॉट ७ च्या पुढे गेला. म्हणजे डब्यावरचा हेड साइज बघून भागत नाही, लॉट नंबरही बघायचा. शेजारच्याच्या रायफलला चालला म्हणून आपल्याला चालेल असंही नाही. पेलेट बदललं की पहिल्या काही गोळ्या ग्रुपमध्ये धरू नका, बॅरल बसायला वेळ घेते.

५.८वाल्या लॉटचे दुकानात उरलेले सगळे डबे उचललेत. घरून बोलणी खाल्ली, पण हा लॉट परत मिळायचा नाही. शिसं आहे, तेव्हा निवडानिवड झाल्यावर हात साबणानं धुवा, आणि डबे पोरांच्या हाती लागू देऊ नका.

आता हाच लॉट क्लॅम्पशिवाय, खांद्यावरून मारून बघायचाय. तिथं ग्रुप फाकला तर दोष पेलेटला देता येणार नाही.