आमची वाटचाल: आया नव्हे, घराला शिकवणारी सिस्टर

आम्ही आया पुरवत नाही. फोनवर आजही पहिलं वाक्य हेच सांगावं लागतं, कारण नागपुरात ‘घरी नर्सिंग’ म्हटलं की बारा तासांची बाई किंवा चोवीस तासांचा माणूस, एवढंच लोकांना ठाऊक असतं. तेही काम कष्टाचं आहे आणि घरोघरी लागतं. आमचं काम निराळं. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली सिस्टर डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या पेशंटच्या घरी ठरल्या वारी जाते. पेशंटला देते तेवढाच वेळ ती त्याला सांभाळणाऱ्या बायकोला, सुनेला, मुलाला देते. ब्रिटनमध्ये ॲडमिरल नर्स म्हणून हे काम चालतं. आपल्याकडे लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासात साठी ओलांडलेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के निघालं, तरी आम्ही सुरुवात केली तेव्हा लोक विचारायचे, “सिस्टर येते, बोलते, जाते. पैसे कशाचे?”

पैसे वहीचे. बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, टॉर्च हे सगळं पिशवीत असतंच, पण आमचं खरं हत्यार म्हणजे दोनशे पानी वही. तिच्यात चार रकाने आखलेले: वेळ, आधी काय घडलं, माणसाने नेमकं काय केलं, घरच्यांनी त्यावर काय केलं. पानाच्या तळाशी पाणी किती प्यायलं, लघवी, शौच, झोप आणि दिलेल्या गोळ्या. ‘चिडले’, ‘त्रास दिला’ असं लिहायचं नाही. ‘ताट ढकललं’, ‘कडी हलवली’ असं लिहायचं. चिडण्याला नुसत्या ‘चिडले’ शब्दावरून उपाय सापडत नाही, पण रोज आंघोळीला बोलावल्यावरच ताट ढकललं जातं हे दिसलं की निम्मं काम होतं. मग डोक्यावर एकदम पाणी न ओतता पायांपासून सुरुवात होते, खांद्यांवर टॉवेल राहतो, तांब्या त्यांच्याच हातात दिला जातो.

या वहीचं मोल सर्वांत आधी कळलं ते अजनीच्या काकूंना. काका रेल्वेच्या मोतीबाग कारखान्यातून निवृत्त झालेले. “ते रात्री झोपूनच नाही राहिले, सिस्टर,” ही काकूंची तक्रार आणि झोपेची गोळी वाढवून द्या, ही मागणी. आठवडाभर वही भरल्यावर दोन गोष्टी दिसल्या. लघवी होण्याची बीपीची गोळी संध्याकाळी सातला दिली जात होती, त्यामुळे रात्रभर उठबस. आणि पहाटे चारला काका कुलूप हलवत, डबा शोधत फिरायचे. ती त्यांच्या पहिल्या पाळीला निघायच्या तयारीची वेळ होती. डॉक्टरांनी ती गोळी सकाळी घ्यायला सांगितली. काकूंनी चारला अडवणं सोडलं. दिवा लावायचा, चहा द्यायचा, टेबलावर नट-बोल्टांचा ट्रे ठेवायचा. नट निवडतानाही डोकं लागतं. तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे हवेत, गंज नको, ऑइल नको, धारदार कडा नकोत. काका उजाडेपर्यंत नटाला बोल्ट जुळवत बसायचे. झोपेची गोळी वाढली नाही.

काका गेले, काकू मात्र आमच्याशी जोडलेल्या राहिल्या. नवी सिस्टर आली की भरवायला त्यांच्याकडूनच शिकते. पेशंट पाठीला आधार देऊन सरळ बसलेला, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने उभं राहायचं नाही, समोर त्याच्या नजरेच्या पातळीत बसायचं. चहाचा चमचा, तोही अर्धा. कंठ हललेला दिसल्याशिवाय दुसरा घास नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पोह्यावर तर्री, पातळ वरणात मोकळा भात, दुधात पोळीचे तुकडे हे सगळ्यात धोक्याचं, कारण पातळ पुढे निसटतं, घट्ट तोंडात राहतं आणि ठसका लागतो. त्यापेक्षा मऊ भात आणि घट्ट वरण एकजीव करून द्यावं. संत्रं आपल्याकडे प्रेमाने भरवतात, पण फोडीची साल आणि बी घशात अडकते. फोड सोलून नुसता गर द्या. जेवताना आवाज ओला, घरघरल्यासारखा झाला तर तिथेच थांबा. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात न्यूमोनिया बऱ्याचदा अशाच, श्वासनलिकेत गेलेल्या घासातून येतो.

जम बसत होता, तेवढ्यात घरी माणसं पुरवणारा एक ब्युरो आला. नाव लिहीत नाही, इथल्या धंद्यातल्या लोकांना कळेल. आमच्या वहीचं पान त्यांनी झेरॉक्स केलं, वरचं नाव कापलं आणि स्वतःचं छापलं. आमच्या तयार झालेल्या सिस्टर जास्त पगारावर नेल्या आणि ऑफिसात बसवल्या. घरी पाठवल्या त्या नोंदणी नसलेल्या मुली, ‘डिमेन्शिया स्पेशल’ म्हणून, निम्म्या दरात. ज्या रुग्णालयाकडून आम्हाला घरं मिळायची, त्यांनी दर पेशंटमागे कमिशन मागितलं. आम्ही दिलं नाही. ती घरंही ब्युरोकडे गेली. लोक सांगतात, जाऊ द्या, जुनी गोष्ट झाली. जाऊ देता येत नाही, कारण त्या घरांत काय झालं ते आमच्या सिस्टरनी नंतर डोळ्यांनी पाहिलं.

एका आजींना खोलीत लहान मुलं दिसायची. लेवी बॉडी या डिमेन्शियाच्या प्रकारात असं दिसणं नेहमीचं. आधीच्या पेशंटची उरलेली हॅलोपेरिडॉलची, म्हणजे भास आवरायच्या गोळ्यांची पट्टी त्यांना कुणालाही न विचारता सुरू झाली. या प्रकारात हे औषध फार जबर बसू शकतं. अंग लाकडासारखं ताठ झालं, गिळणं थांबलं. दुसऱ्या घरी आजोबांना उलट्या आणि नाडी मंद. पाठ पाहिली तर रिव्हास्टिग्मिन या डिमेन्शियाच्या औषधाचे, कातडीला चिकटवायचे तीन पॅच एकाखाली एक. पॅच चोवीस तासांचा असतो. जुना काढायचा, दुमडून टाकायचा, जागा पुसायची, मग नवा दुसऱ्या जागी लावून अर्धा मिनिट तळहाताने दाबायचा, आणि त्याच जागी पुन्हा चौदा दिवस लावायचा नाही. आम्ही पॅचवर तारीख पेनने लिहायला लावतो, लावण्याआधीच, अंगावर दाबून नाही. तिसरीकडे एअर मॅट्रेस होती, तरी माकडहाडावर जखम. मॅट्रेसवर जाड गोधडी, तिच्यावर प्लास्टिक, पंपाचा काटा पेशंटच्या वजनाशी न जुळवता शेवटच्या आकड्यावर. मॅट्रेसखाली माकडहाडाच्या जागी तळहात सरकवून पाहायचा. वर साधारण इंचभर हवेची गादी लागली पाहिजे, हाड हाताला टेकता कामा नये. वर एकच पातळ सुती चादर. आणि मॅट्रेस असली तरी दर दोन तासांनी कूस बदलणं चुकत नाही.

अशी घरं आमच्याकडे परत आली ती जखम झाल्यावर, आणि आल्या आल्या विचारायची, “तुमचा दर एवढा का?”

त्यातच 2020 ची टाळेबंदी. सोसायट्यांचे चौकीदार सिस्टरना फाटकातून आत सोडेनात. भेटी बंद म्हणजे उत्पन्न बंद. धरमपेठेतलं ऑफिस सोडलं, सामान मानेवाड्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत आणलं, दोन सिस्टर गावी गेल्या. संस्था बंद करायचा कागदही तयार झाला होता. तारलं वहीनेच. घरचे रोज संध्याकाळी पानाचा फोटो पाठवायचे, सिस्टर ठरल्या वेळी फोन करायची. काकूंनी ओळखीतल्या घरांना स्वतः फोन लावून वही कशी भरायची ते शिकवलं. भेटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मास्कमुळे पेशंट घाबरायचे, म्हणून प्रत्येकीने स्वतःचा हसरा फोटो मोठा छापून छातीवर लावला. फोटोकडे बोट दाखवून नाव सांगायचं, मग हात हातात घ्यायचा. एकही घर तुटलं नाही. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

आता न विचारता चार गोष्टी सांगतो. दर मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की फोन सुरू होतात, “बाबांचा आजार एका रात्रीत वाढला.” अल्झायमर एका रात्रीत वाढत नाही. एक-दोन दिवसांत माणूस गुंगला, बरळायला लागला किंवा एकदम आक्रमक झाला, तर ते बहुधा डेलिरियम, म्हणजे दुसऱ्या कारणाने अचानक उठलेला गोंधळ असतो. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, पाण्याची कमी, घसरलेलं सोडियम किंवा नवं औषध, यातलं काहीतरी सापडतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रक्त-लघवी तपासा. “पाणी हवं का?” असं विचारू नका, उत्तर ‘नको’ येणार, कारण म्हातारपणी तहानच कमी लागते. गडद रंगाचा पेला हातात द्या, शेजारी बसून तुम्हीही प्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर माप डॉक्टरांकडून घ्या. कूलरच्या वायरिंगला अर्थिंग आहे का पाहा, पंखा जाळीआड हवा, कारण ही माणसं पाण्याच्या आवाजाकडे हात नेतात. दिवेलागणीच्या अर्धा तास आधीच खोलीतले दिवे लावा, सावल्या पडायला लागल्या की भीती वाढते.

आणि कागद. सही समजून करता येते तोवर बँकेचं खातं संयुक्त करा. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की ते आपल्या कायद्यात टिकत नाही, मग न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो आणि त्यात वेळ जातो. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, त्याची तयारी दिवाळीआधीच करा.

आमच्या पहिल्या भेटीसाठी घरातलं प्रत्येक औषध एका ताटात काढून ठेवा. बंद केलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्ण, सर्दीचं सिरप, झोपेसाठी शेजाऱ्यांनी दिलेली पट्टी, सगळं. सर्दीच्या औषधातलं क्लोरफेनिरामाइन, हात थरथरतात म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवी आवरायला दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, हे तिन्ही गोंधळ वाढवतात आणि बहुतेक घरांत त्यांतलं एक तरी निघतं. स्वतःहून काही बंद करू नका. सिस्टर यादी करून देईल, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.