आमची वाटचाल : लग्नपत्रिका आणि पुस्तिका

साताऱ्याला आप्पांचा छोटा छापखाना होता. एक ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, अक्षरांच्या खिळ्यांच्या केसी आणि भिंतीला टेकवलेले कागदाचे गठ्ठे. लग्नसराईत पत्रिकांना हळदीकुंकू लावायला आम्ही भावंडंही बसायचो. कुणी जातीबाहेर लग्न केलं आणि घरच्यांनी पाठ फिरवली, तर त्यांची पत्रिका आप्पा फक्त कागदाच्या पैशात काढून द्यायचे. त्यापायी तुटलेली गिऱ्हाइकं मला अजून आठवतात.

१९९१ मध्ये न्यू जर्सीत, एडिसनच्या ओक ट्री रोडजवळ मी आणि माझ्या नवऱ्यानं दुकान उघडलं. पोटापाण्याचं काम इथेही तेच: लग्नपत्रिका, मेन्यूकार्डं, उत्सवाच्या पावत्या. नवऱ्याचे वडील गोरे, आई काळी, दोघंही व्हर्जिनियाचे. तिथल्या १९२४ च्या कायद्यानं असं लग्न म्हणजे तुरुंग. म्हणून १९६० मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि तिथून थेट न्यू जर्सी गाठली, कारण या राज्यात तसा कायदा कधीच नव्हता. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांचं लग्नही १९५८ मध्ये वॉशिंग्टनलाच झालं होतं. ते मात्र व्हर्जिनियातल्या आपल्या गावी परतले आणि पोलिसांनी मध्यरात्री त्यांना अंथरुणातून उठवलं. त्यांच्याच खटल्यात १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं असे सगळे कायदे एकमतानं रद्द केले. त्या दिवसाचं वर्तमानपत्र सासूबाईंनी जन्मभर जपलं.

१९९५ मध्ये थोरली शाळेत गेली. अर्जात वंशाचा रकाना होता आणि सूचना होती, एकच खूण करा. मी तीन केल्या. दोन दिवसांनी शाळेतून फोन आला: मुलीकडे बघून आम्ही एकच ठेवली आहे. पाच वर्षांच्या पोरीकडे नुसतं बघून! त्याच रात्री दुकानात बसून आम्ही पहिली पुस्तिका लिहायला घेतली. सोळा पानं, दोन पिना, पाचशे प्रती. माणसाचा वंश कोणता हे त्यानं स्वतः सांगायचं, कारकुनानं ठरवायचं नाही, एवढंच तिच्यात होतं. २० जुलै १९९६ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर बहुवंशीय कुटुंबांचा मोर्चा झाला. तिथे तिची दोन खोकी वाटली.

खरा वाद घरातच झाला. सरकारी अर्जांत 'बहुवंशीय' असा स्वतंत्र रकाना हवा, अशी आमची मागणी. एनएएसीपीसारख्या नागरी हक्कांच्या जुन्या संघटनांचा तिला विरोध होता आणि सासूबाई त्यांच्या बाजूच्या. त्या म्हणायच्या, मतदानात, नोकरीत, भाड्याच्या घरात भेदभाव झाला हे कोर्टात सिद्ध करायला आकडे लागतात. तुम्ही मोजणीतूनच बाहेर पडलात तर दाखवणार काय? मी महिनाभर त्यांच्याशी भांडले. मग त्यांचं म्हणणं आमच्या लेखाशेजारीच, तेवढ्याच जागेत छापलं. बरेच वर्गणीदार रागावून गेले. ते पान छापलं याचा मला आजही अभिमान आहे.

ऑक्टोबर १९९७ मध्ये केंद्र सरकारनं स्वतंत्र रकाना नाकारला, पण हव्या तितक्या खुणा करायची मुभा दिली. भेदभावविरोधी कायद्यांसाठी गोरा आणि एक अल्पसंख्य वंश अशा दोन खुणा करणाऱ्याला त्या अल्पसंख्य वंशातच धरावं, असा नियम मार्च २००० मध्ये आला. आम्ही तो पहिल्या पानावर घेतला आणि सासूबाईंनी पन्नास प्रती चर्चमध्ये नेल्या. त्या वर्षीच्या जनगणनेत ६८ लाख लोकांनी एकाहून अधिक खुणा केल्या. २०२० मध्ये हा आकडा ३ कोटी ३८ लाखांवर गेला. उत्तरं नोंदवायची पद्धत बदलल्यामुळेही तो फुगला, हे आम्ही त्याच्या खालीच छापलं.

आपल्या लोकांसाठी एक मराठी पुस्तिकाही काढली. १९२३ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात इथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, भारतीय गोरे नाहीत, त्यांना नागरिकत्व नाही. १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं. १९८० मध्ये 'एशियन इंडियन' हा वेगळा रकाना आला. माणसं तीच, रकाने तेवढे सरकारनं बदलले. नातवंडांना बघून गप्प होणारे आजी-आजोबा ही पुस्तिका मागून नेतात.

पुस्तिकांनी कधी पैसा दिला नाही. पत्रिका व्हॉट्सअॅपवर गेल्यापासून तर धंदा निम्म्यावर आला.

२०१९ च्या वसंतात थोरलीनं आजीच्या गावी, व्हर्जिनियात लग्न करायचं ठरवलं. परवान्याच्या अर्जात वधूवरांचा वंश भरणं कायद्यानंच सक्तीचं होतं. तो भरल्याशिवाय परवाना नाही. तिनं भरला आणि गाडीत येऊन रडली. सप्टेंबरमध्ये तीन जोडप्यांनी या सक्तीविरुद्ध दावा लावला आणि ऑक्टोबरमध्ये फेडरल न्यायाधीशांनी ती घटनाबाह्य ठरवली. निकालावरची चार पानं आम्ही आठवड्यात काढली. मुखपृष्ठाला तिच्याच पत्रिकेचा उरलेला हळदी रंगाचा कागद पुरला.