आरसीवरची 'ओम्नी बस' आणि आमचं ५०० रुपयांचं चलन

नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही घरचे नऊजण वाईहून शहरात गेलो होतो. एकत्र कुटुंब, म्हणून गाडी दहा आसनांची घेतलेली. पांढऱ्या नंबरपाटीची, म्हणजे खासगी वापराची, माझ्या नावावर. भाड्याने ती आजवर एकदाही दिलेली नाही. त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे सासरे, गाडी चालवत होते. २८ वर्षं एसटीत चालक होते ते. गाडी लावायच्या आधी खाली उतरून पाटी वाचायची, ही त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कापडदुकानाच्या शेजारच्या रस्त्यावर त्यांनी पाटी मोठ्याने वाचून दाखवली : 'बस व अवजड वाहनांस पार्किंगला सक्त मनाई'. पुढे दोन इनोव्हा आणि एक स्कॉर्पिओ उभी होती. त्यांच्या मागे अण्णांनी गाडी रेषेत लावली आणि आम्ही शालू बघायला आत गेलो.

आठ दिवसांनी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. ई-चलन, ५०० रुपये.

"भरून टाक, लग्नघरात ही कटकट कशाला," असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मीही भरणारच होते. पण रात्री जेवताना अण्णा ताटाकडे बघत हळूच म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझ्या हातून एक मेमो नाही झाला गं." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीची किल्ली हातात घेणं बंद केलं. बाजारात जायचं तरी दिराला सांगायचे. ते मला बघवेना.

मग मी वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक ॲप उघडून बसले. गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे चार अंक टाकले की चलन फोटोसकट दिसतं. फोटो मागून काढलेला होता. पांढरी नंबरपाटी स्वच्छ वाचता येत होती. मागच्या काचेवरच्या धुळीत आमच्या धाकट्याने बोटाने लिहिलेलं स्वतःचं नावसुद्धा दिसत होतं. दिसत नव्हता तो मनाईचा फलक. आणि चलनात वाहनाच्या प्रकारापुढे एकच शब्द होता : बस.

कपाटातून आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, काढली. एवढ्या वर्षांत ती मी कधी नीट वाचलीच नव्हती. त्यावर छापलंय, 'ओम्नी बस (प्रायव्हेट यूज)'. घोळ इथेच होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२९) प्रमाणे चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेण्यासाठी बांधलेलं वाहन म्हणजे ओम्नीबस. व्याख्या फक्त आसनं मोजते. तुमची आठ-नऊ आसनांची घरची गाडी असेल, तर तुमच्याही आरसीवर हाच शब्द असू शकतो, एकदा काढून बघाच. वजनाचा हिशोब वेगळा आहे. कलम २(२१) नुसार ७,५०० किलोपर्यंतचं वाहन हलकं. आमची गाडी माणसं-सामान भरून साडेतीन टनांच्याही आत. म्हणजे ती अवजड तर नव्हेच. प्रश्न उरला तो फक्त 'बस' या शब्दाचा.

पैसे न भरण्याचं आणखी एक कारण होतं. दंड भरणं म्हणजे कलम २०० खाली तडजोड करणं, प्रकरण तिथेच मिटतं. मग 'आमची चूक नव्हती' म्हणायला जागा उरत नाही. शिवाय कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये. आमची गाडी महिन्यातून दोनदा शहरात जाते. आरसीवरचा शब्द काही बदलणार नाही, त्यामुळे असं चलन पुन्हा येण्याची भीती होतीच.

ॲपमधूनच पहिली तक्रार केली आणि तिथे माझं चुकलं. अण्णांची नोकरी, घरातली माणसं, लग्न, सगळं लिहिलं. आरसी जोडली. बारा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं : वाहन प्रकार बस, कारवाई योग्य.

दरम्यान लोकअदालतीची नोटीस आली. माझ्या मैत्रिणीचे यजमान वकील आहेत. त्यांनी सांगितलं, "वहिनी, तिथे समझोता होतो. रक्कम कदाचित कमी होईल, पण तुमचं बरोबर की त्यांचं, हा निवाडा तिथे नाही. समझोता नको असेल तर प्रकरण कोर्टासाठी खुलं राहतं." मी गेले नाही. मला सूट नको होती, चलन रद्द हवं होतं.

खरी कामाची सूचनाही त्यांचीच. मनाईचा फलक आपोआप लागत नाही, त्यामागे लेखी आदेश असतो. त्या आदेशात नेमकं काय लिहिलंय ते मागवा, म्हणाले. माहिती अधिकारात अर्ज केला, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि एकच गोष्ट मागितली : या रस्त्यावरच्या पार्किंग मनाईच्या आदेशाची प्रत. ३० दिवसांची मुदत असते, मला २६ व्या दिवशी प्रत मिळाली. दुकानदाराला फोन करून फलकाचा फोटोही मागवला. त्यांच्या पोऱ्याने भर उन्हात स्टुलावर चढून तो काढला, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा.

आदेशात शब्द होते 'भाडोत्री प्रवासी बस व अवजड वाहने'. रंगवणाऱ्याने फलकावर 'भाडोत्री प्रवासी' हे दोन शब्द गाळले होते. ती ओळ मी अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचली, मग आणखी एकदा.

दुसरी तक्रार चारच वाक्यांची केली. आदेशातले शब्द हे. आमच्या आरसीवर खासगी वापर असं लिहिलंय, नंबरपाटी पांढरी आहे, तुमच्याच फोटोत ती दिसते. वजन एवढं. चलन रद्द करावं. सोबत आदेश, आरसी आणि फलकाचा फोटो. मूळ कागद घेऊन मी वाहतूक शाखेतही गेले, अण्णांना बरोबर घेऊन. तिथल्या उपनिरीक्षक बाईंनी आरसी आणि आदेश शेजारी ठेवून वाचले. "ताई, यंत्रावर नुसतं बस दिसलं की पुढचं कुणी बघत नाही," एवढंच म्हणाल्या आणि शेरा लिहिला. मग अण्णांकडे वळून विचारलं, "काका, एसटीत कुठल्या डेपोला होता?" अण्णा ताठ बसून सांगायला लागले.

नऊ दिवसांनी ॲपवर चलनापुढे 'रद्द' आलं.

फलक अजून तसाच आहे. तो आदेशाप्रमाणे दुरुस्त करावा, असा अर्ज आम्ही दिलाय. पोच घेतली आहे, आवक क्रमांकासकट. अर्ज अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिला. गेल्या रविवारी ब्लाउज आणायला पुन्हा शहरात गेलो, तेव्हा गाडी त्यांनीच चालवली. आदेशाची प्रत आता पीयूसीच्या मागे, डॅशबोर्डच्या कप्प्यात असते.