नाथसागरावर जाताना मोबाईलवर काय बघावं

जानेवारीच्या शेवटी आम्ही तिघे जालन्याहून नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर गेलो होतो, फ्लेमिंगो आणि पट्टकदंब (बार-हेडेड गूज) बघायला. पहिला दिवस हुकला, दुसरा मनासारखा गेला. फरक फक्त वाऱ्याचा होता, म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

कोकणात गेलो होतो तेव्हा बोटीत बसण्याआधी हवामानाच्या विंडी ॲपवर लाटांचा नकाशा बघायची सवय लागली होती. इथेही निघायच्या आदल्या रात्री तोच उघडला. जायकवाडीवर काहीच दिसेना, तेव्हा पाणी शांत असेल असं समजलो. साडेनऊला सोनेवाडीच्या काठावर पोचलो तर आग्नेयेकडून वारा सुटलेला. पाणी काठावर आपटत होतं, दुर्बिणीचा स्टँड थरथरत होता आणि पक्षी पार लांब, नुसते ठिपके. थर्माकोलचा तराफा काठावर ओढून एक मामा जाळ्याच्या गाठीत अडकलेला शिंपला नखाने काढत बसले होते.

"मामा, आज आत नाही गेलात?"

"पाणी पांढरं दिसायलंय ना, तवर नाही जात आम्ही."

दुपारी पैठणला जेवताना नीट शोधलं. लाटांचा तो नकाशा फक्त समुद्रापुरता असतो. समुद्रावर त्याला पडताळाही असतो: हैदराबादची इन्कॉइस ही संस्था रत्नागिरीसारख्या ठिकाणी पाण्यात बोये (तरंगती यंत्रं) सोडून लाटा मोजते. तिथे लाटेची जी उंची दिसते ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट जवळजवळ दुपटीचीही येते. सुट्टीत मालवणला जाणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. धरणाला मात्र हे आकडे लागू नाहीत. आपला नाथसागर सुमारे 350 चौरस किलोमीटरचा, त्यात उथळ. एवढ्या उघड्या पाण्यावरून वारा धावत आला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि ज्या काठाकडे वारा येतो तिथे सगळा मार बसतो.

म्हणून धरणावर जाताना लाटा सोडा, वारा बघा. ॲपमध्ये वाऱ्याच्या वेगाशेजारी झोतांचा (गस्ट, म्हणजे मधेच येणारे जोराचे झटके) वेग वेगळा दिसतो, तो जास्त महत्त्वाचा. आकडे नॉटमध्ये असले तर एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. साधारण 10-12 नॉटला लाटांचे माथे पांढरे व्हायला लागतात, मामा म्हणत होते तेच. ॲपमध्ये हवामान अंदाजाची युरोपियन आणि अमेरिकन अशी दोन्ही मॉडेल्स लावून बघा. दोघांचं जुळलं तर मी भरवसा धरतो. दिशा बघून शक्यतो वारा पाठीशी राहील असा काठ निवडा.

धरणात पाणी किती आहे तेही निघण्याआधी बघा. 1522 फुटांची पूर्ण पातळी गाठलेली असेल तर काठचा चिखल पाण्याखाली जातो आणि चिखलात चरणारे पक्षी कमी दिसतात. एप्रिल-मेमध्ये किंवा परतीच्या पावसात जाणार असाल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप घेतल्याशिवाय निघूच नका. आसपासच्या 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का ते त्यात कळतं. मराठवाड्यात दरवर्षी विजेने माणसं जातात आणि धरणाच्या मोकळ्या काठावर उभा माणूसच सगळ्यात उंच असतो. काठावर काही ठिकाणी रेंज जाते, त्यामुळे अंदाजाचा स्क्रीनशॉट पैठणमध्येच काढून ठेवा.

रविवारी दोन्ही मॉडेल्स नऊपर्यंत 4-5 नॉट दाखवत होती. साडेसहालाच काठावर बसलो. पाणी आरशासारखं होतं. पट्टकदंबांचा थवा इतका जवळ उतरला की डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीशिवाय मोजता आले. दहाच्या सुमाराला लांबवर पहिला पांढरा फेस दिसला, आणि मामांचा तराफा काठाकडे वळला.