पाचवा आकडा माझा

पुणे, मंगळवार, पहाटे

साडेतीनला जाग आली आणि हात तंबूची चेन चाचपू लागला. हाताला भिंत लागली, वर पंख्याची घरघर ऐकू आली, तेव्हा कुठे आपण घरी आहोत हे ध्यानात आले.

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स पूर्ण करून मी परवा रात्री परतले. काल गिझरच्या पाण्याने अंघोळ केली. पहिला तांब्या खांद्यावरून ओतला तेव्हा मला रडू आले, आणि बराच वेळ घोट्यांपाशी करड्या मळाचे ओघळ वाहत राहिले. बेस कॅम्पवर डोकरानी बामक हिमनदीच्या पाण्यात मेस टिन धुताना बोटे अशी बधिर होत की गोठलेले तूप निघाले की नाही हे डोळ्यांनीच पाहावे लागे; म्हणून आम्ही डबा आधी मातीने खरवडून घेत असू. सुखसोयींना नावे ठेवणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. ३,५०० मीटरच्या वर पाणी ९० अंशांच्या आतच उकळते, तिथे डाळ शिजता शिजत नाही. काल आईच्या कुकरची शिट्टी ऐकून मी स्वयंपाकघरात नुसती जाऊन उभी राहिले. घराचे तीन मजले चढताना धाप म्हणून लागली नाही. विरळ हवेत वाढलेले रक्त अजून अंगात आहे.

चुकल्यासारखे वाटते ते वेगळ्याच गोष्टीने. आमच्या रोपमध्ये, म्हणजे एका दोरावरच्या तुकडीत, आम्ही सहा जणी होतो. रोज पहाटे फॉल-इनला, म्हणजे रांगेत हजर होताना, अंधारातच मोजणी होई आणि पाचवा आकडा माझा असे. ‘पाँच’ म्हटल्यावर मी मागून येणाऱ्या ‘छह’ची वाट पाहत असे, कारण मणिपूरच्या त्या मुलीचे डोके उंचीमुळे दोन दिवस सतत दुखत होते आणि तिची रात्र कशी गेली हे त्या एका शब्दावरून मला कळत असे. आवाज खोल गेलेला असला की तिच्या सॅकमधले क्रॅम्पॉन (बर्फावर चालताना बुटांना बांधायचे लोखंडी काटे) न बोलता कुणाच्या तरी सॅकमध्ये जात. माझी टाच सोलली होती, त्या दिवशी माझाही स्टोव्ह असाच हलका झाला होता. कुणाचे पाणी संपले, कोण जेवले नाही, याचा हिशेब सहाही जणींच्या डोक्यात असे. इथे माझ्या खोलीत सगळे हाताशी आहे, आणि मोजणी मात्र नाही.

चार वाजता न राहवून मी आमच्या ग्रुपवर ‘५’ एवढेच लिहिले. राजस्थानातून ‘२’ आला, मग ‘१’ आणि ‘४’ पाठोपाठ आले, थोड्या वेळाने ‘३’.

‘६’ अजून आलेला नाही. तिथे तिला धड झोप लागत नव्हती. झोपू दे तिला.