वाघोलीच्या दगडखाणी आणि माझी पीएचडी

लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये, म्हणजे इमारतींबाहेरच्या जमिनीच्या रचनेत, पीएचडी करतेय म्हटलं की लोक लगेच टेरेसवरच्या कुंड्यांबद्दल विचारायचे. विषय बंद पडलेल्या दगडखाणींचा आहे असं सांगितलं की साधारण तिथंच बोलणं संपायचं. घरच्यांनाही सुरुवातीला हा प्रकार कळला नव्हता. "खाणीत काय लँडस्केप असणार?" हा सासूबाईंचा प्रश्न पुढे एका तज्ज्ञाने समितीसमोर जवळजवळ त्याच शब्दांत विचारला, तेव्हा मला हसू आवरलं नाही.

आपल्याकडे या विषयात पीएचडी करणं अजून आडवाटेचंच आहे. लँडस्केपचा पदव्युत्तर अभ्यासक्रम देशात पहिल्यांदा दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ साली सुरू झाला, आणि या व्यवसायाची देशपातळीवरची संघटना, इसोला, आली ती २००३ मध्ये. त्यामुळे गाईड मोजके. नोंदणी होते आर्किटेक्चर या विषयाखाली, आणि समितीत बसलेले निम्मे लोक इमारतींचे. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली, मुलाखत झाली, कोर्सवर्क सुरू झालं. त्यात संशोधनाची नीतिमत्ता हा दोन क्रेडिटचा पेपर सगळ्यांना सक्तीचा असतो. तो कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं, पण खाणमालकांशी बोलायला लागल्यावर सगळ्यात जास्त तोच कामी आला.

माझा पहिला आराखडा माणसाने उलथापालथ केलेल्या शहरी जागांचा होता. त्यात मुंबईच्या गिरण्या होत्या, कचरा डेपो होते, खाणी होत्या. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, तो वाचून एवढंच म्हटलं, "यात तीन जणांची पीएचडी होईल. तुला कुठली हवी?" मी खाणी घेतल्या. कारण सोपं होतं. मी नगर रस्त्यावर राहते आणि डंपर रोज बघते. वाघोली, लोहगाव, भावडी, केसनंद या पट्ट्यातल्या दगडाने पुण्याच्या कित्येक इमारती उभ्या राहिल्या, पण दगड काढून झाल्यावर मागे जे उरतं त्याचा अभ्यास म्हणावा असा फारसा हाती लागत नव्हता.

खनिजांचा नाद असलेल्या लोकांना मात्र वाघोली जगभर ठाऊक आहे. कॅव्हान्साइट नावाचं गर्द निळं खनिज पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगनमध्ये सापडलं, पण त्याचे सगळ्यात देखणे नमुने वाघोलीच्या खाणींतून निघाले. संग्रहालयांत ठेवलेल्या त्या निळ्या गोळ्यांखाली 'वाघोली, इंडिया' अशी चिठ्ठी असते. माझ्या प्रबंधात याला एक परिच्छेद मिळाला. गप्पांमध्ये मात्र खाणीत आहे तरी काय, याचं उत्तर म्हणून मी आधी तेच काढायची.

पहिलं खरं काम होतं खाणींचं वय काढणं. कुठल्या खड्ड्यात दगड काढणं कधी थांबलं हे कळल्याशिवाय तिथल्या झाडोऱ्याबद्दल काही बोलण्यात अर्थ नव्हता. टोपोशीट, म्हणजे सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे, काढले तर पट्टा नेमका दोन शीटच्या सांध्यावर. वाघोली ४७ एफ/१४ च्या पूर्वेच्या कडेला, आणि तिच्यापुढचा भाग ४७ जे/२ वर. मग अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांचे फोटो. हे १९६० ते १९७२ या काळातले आहेत आणि १९९५ मध्ये खुले झाले. ज्या फिल्म आधीच स्कॅन झाल्या आहेत त्या फुकट उतरवून घेता येतात. त्यांत शेतांचे बांध, नाले, गाडीवाटा दिसतात, आणि मी निवडलेल्या जागांवर तरी खाण जवळजवळ नाहीच. पुढचा काळ लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवर आणि गूगल अर्थच्या जुन्या चित्रांवर. एकेक खड्डा कधी उघडला, कधी वाढला आणि कधी त्यात पाणी साचलं हे असं जोडत गेले. ड्रोनचा विषय लगेच सोडून द्यावा लागला. लोहगावचा हवाई दलाचा तळ जवळ, त्यामुळे परवानगीच्या वाटेला गेलेच नाही.

खाणीवर जाणं हे वेगळंच प्रकरण. कॉलेजचं शिक्का मारलेलं पत्र, ओळखपत्र, हेल्मेट, आणि तरी गेटवर ठरलेला संवाद.

"तुम्ही एनजीटीच्या का?"

"नाही, कॉलेजच्या."

"मग फोटो कशाला?"

"अभ्यासाला."

"कसला अभ्यास मॅडम, नुसता खड्डा तर आहे."

एनजीटी म्हणजे राष्ट्रीय हरित लवाद. त्या माणसाच्या जागी मी असते तरी मीही हेच विचारलं असतं. गौण खनिजाची रॉयल्टी, ईटीएस या मोजणीयंत्राने होणारी खाणीची मोजणी, दंडाच्या नोटिसा हे सगळं डोक्यावर असताना टेप घेऊन आलेली बाई कुणालाही संशयास्पदच वाटणार. म्हणून आवाजाच्या रेकॉर्डिंगऐवजी मी वहीत लिहू लागले आणि प्रबंधात एकाही खाणीचं नाव किंवा गट नंबर दिला नाही. नऊ खाणींना फक्त अक्षरं दिली.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा ठरला तो वडार समाजातला एक म्हातारा गवंडी. आयुष्यभर हाताने दगड फोडलेला माणूस. आता क्रशर आल्यावर त्याचं काम पाटे-वरवंटे टाकण्यापुरतं उरलं होतं. त्याने मला खाणीची भिंत वाचायला शिकवली. वर वीत-दोन वीत माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच विटकरी लाल पट्टा, की पुन्हा काळा. हा लाल पट्टा म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधला 'बोल' (bole). साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक थर येऊन गेल्यावर दुसरा यायच्या आत झिजलेला भाग. ही भूगर्भशास्त्राची भाषा मला येत होती. त्याची भाषा वेगळी होती. तो घणाने भिंतीवर ठोकायचा. "इथं बघा ताई, खणकन बोलतोय. आन् इथं बसका. म्हंजे मागं चीर हाये, पानी मुरतंय." बसका आवाज आलेल्या जागा मी भिंतीच्या चित्रावर खुणा करून ठेवल्या. पावसाळ्यानंतर येऊन बघितलं तर त्यातल्या बऱ्याच खुणांवर ओल होती, आणि पिंपळ, पायर, उंबराची रोपं भिंतीवर जिथे टिकली होती त्या जागाही बहुतेक तिथेच, लाल पट्ट्याच्या रेषेवर. बसाल्ट स्वतः पाणी धरत नाही, ते चिरांतून आणि दोन थरांच्या सांध्यातून झिरपतं. तो सांधा झाडांना आधी सापडतो. माझ्या चौथ्या प्रकरणाचा कणा या एका निरीक्षणावर उभा आहे आणि ऋणनिर्देशात त्या बाबांचा उल्लेख, त्यांच्याच सांगण्यावरून, नावाशिवाय आहे.

पद्धत पुस्तकातली होती, पण जमीन पुस्तकातली नव्हती. पाणी किती वेगाने मुरतं हे मोजायला लोखंडी रिंग जमिनीत ठोकतात. खाणीच्या तळाला ती ठोकायला गेलं की रिंगच वाकते. शेवटी रिंग नुसती ठेवून तिच्या कडेने शाडू लिंपला. तो गणपतीच्या कारखान्यातून आणला होता. मॅडमना भीती होती की परीक्षक यावरून धारेवर धरतील, पण मॅडमनीच उलट ते आकृतीसह सविस्तर लिहायला सांगितलं. पाण्याची खोली मोजायला टँकरवाल्यांची मदत झाली. मोटार तरंगती ठेवायला त्यांनी ड्रम बांधून तराफा केलेला असतो. त्यावरून दोरीला वजन बांधून खोली घेतली. लाईफ जॅकेट घातल्याशिवाय नाही. दर उन्हाळ्यात अशा खाणींत पोहायला गेलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, त्या उगाच नाहीत. कडेला दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला तळच नाही.

झाडोऱ्याच्या नोंदी जमिनीवर मापाच्या चौकटी टाकून, त्यांतली झाडं मोजून केल्या. नुकत्या थांबलेल्या खाणीत खडीच्या भुकटीवर टाकळा आणि गाजरगवत. जुन्या खाणीत रुई, एरंड, वेडी बाभूळ, सुबाभूळ, उथळ कडेला पाणकणीस. त्याहून जुन्या भिंतींवर पिंपळ-पायर, आणि एका ठिकाणी कपारीत शृंगी घुबडाची जोडी. बर्लिनचे परिसरशास्त्रज्ञ इंगो कोवारिक यांनी १९९२ मध्ये शहरातल्या पडीक औद्योगिक जागांवर आपोआप उगवणाऱ्या झाडोऱ्याला चौथ्या प्रकारचा निसर्ग म्हटलं होतं. पहिला मूळचा, दुसरा शेतीतला, तिसरा बागांमधला, आणि हा चौथा. बर्लिनमध्ये अशाच एका शंटिंग यार्डात, ते १९५२ मध्ये बंद पडल्यानंतर, जंगल वाढलं आणि पुढे त्याचं निसर्गउद्यान झालं. माझ्या नोंदींना कोवारिक यांची ही मांडणी चपखल बसत होती. फार चपखल बसतेय म्हणूनच मला तिची थोडी शंका येत होती.

कारण बर्लिनच्या जागेत नसलेली एक गोष्ट वाघोलीत होती. तिचं नाव सातबारा.

एका गटाच्या उताऱ्यावर खड्ड्याच्या जागी जिरायत जमीन होती. दुसऱ्या गटात बारा नंबरच्या नोंदीत बाजरी, आणि जागेवर पन्नास फूट पाणी. काही क्षेत्र पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. एका गटाला वारसांची नावं इतकी की सगळ्यांची संमती घेऊन तिथे काही करायचं म्हटलं तर एक पिढी जाईल. त्यात माझं काम चालू असतानाच, २०२१ मध्ये, वाघोली पुणे महापालिकेत आली आणि ज्या कागदांसाठी ग्रामपंचायतीत जायचे त्यांच्यासाठी नवीन खिडकी शोधावी लागली.

हळूहळू चित्र असं दिसायला लागलं की खाणीचं पुढे काय होणार हे माती, पाणी, झाडं यांपेक्षा मालकीवर जास्त ठरतंय. एकाच मालकाची, रस्त्याला लागून असलेली खाण सगळ्यात आधी राडारोड्याने भरली जाते. वर मुरूम पडतो आणि प्लॉटची पाटी लागते. अनेक वारसांची, वादातली खाण तशीच राहते, त्यामुळे तिथेच झाडोरा सगळ्यात जुना आणि सगळ्यात समृद्ध. घुबडाची जोडी होती ती खाणही कोर्टात अडकलेली. हे लिहिताना मला जरा विचित्रच वाटलं. जैवविविधतेचं कारण म्हणून दिवाणी दावा दाखवायचा!

मग जगभरातली गाजलेली उदाहरणं मी पुन्हा काढली, या वेळी नकाशे बाजूला ठेवून जमीन कुणाची होती एवढंच बघायला. जर्मनीत ड्युइसबुर्गचा पोलादाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला आणि पीटर लाट्झ यांनी त्याच्या भट्ट्या तशाच ठेवून उद्यान केलं. लँडस्केपच्या बहुतेक प्रबंधांत ते येतं, माझ्याही आलं. पण त्याआधी ती जमीन राज्याच्या निधीतून विकत घेतली गेली होती, आणि हा भाग सादरीकरणांच्या स्लाइडवर सहसा नसतो. गुरुग्रामचं अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क जुन्या खाणींवर उभं राहिलं, तिथे जमीन महापालिकेची. आपल्या धारावीसमोरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ३७ एकरांच्या जुन्या कचराभूमीवर झालं, तीही सरकारी. नगर रस्त्यावर खासगी, तुकड्यातुकड्यांची जमीन. तिथे उद्यानाचा आराखडा काढून प्रबंध संपवणं मला अप्रामाणिक वाटायला लागलं.

हेच समितीला पटवणं हा पुढचा अख्खा काळ. दर सहा महिन्यांच्या सादरीकरणात डिझाईनवाले विचारायचे, "यात डिझाईन कुठे आहे?" आणि पर्यावरणशास्त्राकडून आलेले सदस्य विचारायचे, "नऊच खाणी का?" दोघांनाही एकदम खूश करणारं उत्तर नव्हतं. मॅडमनी सुचवलं की भांडू नकोस, दोन्ही प्रश्न प्रबंधात सरळ छाप आणि त्यांच्याखाली उत्तर लिही. तसं केलं. नऊ खाणी का, तर वय, मालकी आणि पाणी या तिन्ही गोष्टींत फरक असलेल्या आणि आत जाऊ दिलेल्या एवढ्याच मिळाल्या. आणि डिझाईन म्हणून मी उद्यान काढलं नाही. खाण बंद करताना काय राखायचं याच्या सूचना काढल्या. लाल पट्ट्याची ओल वाहणारी भिंत बुजवू नये, पाण्याच्या कडेला उथळ पायरी सोडावी म्हणजे बुडणारा माणूस वर येऊ शकेल आणि पाणकणसालाही जागा मिळेल, भराव टाकायचाच असेल तर काँक्रीटचा चुरा सगळ्यात खाली आणि मुरूम वर. यातलं बरंचसं परवाना देतानाच्या अटींमध्ये बसू शकतं, जमीन कुणाचीही असो.

पेपर छापणं, सिनॉप्सिस, साधर्म्य तपासणी (प्रबंधातला मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने बघणं) हे सगळ्यांना करावं लागतं तसं झालं. दहा टक्क्यांची मर्यादा आहे, आणि गौण खनिजाच्या २०१३ च्या नियमांचं लांबलचक नाव जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा ते लाल रंगात आलं.

व्हायव्हा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, खुली असते, म्हणून क्रशरवरच्या त्या गेटवाल्या सुपरवायझरलाही बोलावलं होतं. तो आला, मागच्या रांगेत बसला. बाहेरच्या परीक्षकांनी मालकीच्या प्रकरणावरच बराच वेळ घालवला. शेवटी त्यांनी एक दुरुस्ती सांगितली. उथळ पायरीची रुंदी किती हे आकड्यात द्यायला हवं, 'पुरेशी' चालणार नाही. तेवढ्यात मागून सुपरवायझर म्हणाला, "सहा फूट तरी पायजे सर, पोकलेन फिरायला." परीक्षकांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. अंतिम प्रतीत पायरीची रुंदी सहा फूट आहे आणि कारणाच्या रकान्यात पोकलेन.