पाच नोव्हेंबर, यॉर्क आणि पाण्याची वाटी

इंग्लंडमध्ये यॉर्कला तायडीकडे आठ दिवस होते, मिन्स्टर (तिथलं मोठं चर्च), तटबंदीवरची चक्कर, म्युझियम सगळं झालं. पण लिहायचंय ते टॉफी ॲपलबद्दल, म्हणजे काडीला टोचून साखरेच्या कडक पाकात बुडवलेलं सफरचंद.

आदल्या दिवशी बाजारात एका स्टॉलवर घेतलं होतं, चक्क चार पाउंड देऊन, आणि कागद काढायला गेले तर लाल पाक कागदालाच चिकटून आला, आतलं सफरचंद पिठूळ. इतका राग आला! तायडीने शेजारच्या आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, उद्या दुपारी या, हे विकत आणून ठेवायचं खाणंच नाही, साखर हवेतला ओलावा ओढून घेते, केलं त्याच दिवशी संपवायचं.

५ नोव्हेंबर म्हणजे इकडे बॉनफायर नाइट. १६०५ मध्ये लंडनचं पार्लमेंट उडवायचा कट फसला त्याची आठवण, आणि कटातला गाय फॉक्स नावाचा माणूस याच यॉर्कचा, त्याच्या शाळेत आजही त्याचा पुतळा जाळत नाहीत. बाकी सगळीकडे शेकोट्या, फटाके, आणि सफरचंदं नुकतीच उतरवलेली असतात म्हणून टॉफी ॲपल.

आजींनी आंबट, हिरवी सफरचंदं घेतली. आधी उकळतं पाणी ओतून वरचं मेण काढलं, खसाखसा पुसलं (ओलं राहिलं तर पाक धरत नाही), देठाच्या जागी काडी खुपसली. पाकाला साखर, पाणी, गोल्डन सिरप (साखरेचा मधासारखा दाट पाक) आणि थोडं व्हिनेगर, आपण पाक साखरू नये म्हणून लिंबू पिळतो ना, तेच काम. मी तेवढ्यात सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले.

थर्मामीटर नव्हताच. आजींनी वाटीत गार पाणी घेतलं आणि पाकाचा थेंब टाकला. मऊ गोळी झाली. थोड्या वेळाने परत टाकला, आणि इतक्यात फोनमधून आई ओरडली, "अगं झाला, उतरव, करपेल!" आजींनी त्याच क्षणी गॅस बंद केला. आईला इंग्रजी येत नाही, आजींना मराठी नाही, पण दर संक्रांतीला चिक्कीचा पाक आई अस्साच वाटीत टाकून बघते, टणक झाला, टचकन तुटला की झाला. माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

रात्री शेकोटीपाशी खाल्लं. काचेसारखा कडकडीत पाक, आत आंबट रसरशीत फोड, बोटं गारठलेली. आई अजून कॉलवरच होती, तिला सफरचंद आतून शिजलंय का ते बघायचं होतं. नाही गं, कच्चंच असतं, मी फोन जवळ नेऊन दाखवलं.